‘ले’ची थाप

बाविसाव्या वर्षी माणूस जितका शहाणा असतो, तितका पुढं आयुष्यात कधीच नसतो. त्या वयात मी वडशाला रेल्वेतून उतरलो, बैलगाडीत आठ मैल हाडं खिळखिळी करून घेतली आणि वैनगंगेकाठच्या एका गावात गुरुजी झालो. एक खोली, एक फळा, तीस पोरं, आणि झाडून सगळी ‘मले’, ‘तुले’ म्हणणारी. खरं सांगू? आमच्या वर्ध्याकडच्या घरातही हेच चालायचं. पण ट्रेनिंगला माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली होती, आणि नवं भांडं चार लोकांना दाखवल्याशिवाय कुणाला राहवतं? ‘मले नाही, मला!’ असं मी दिवसातून शंभरदा ओरडायचो. चिडका मी होतोच. अजूनही आहे, बायकोला विचारा.

महिन्याभरानं शाळेच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर ओलं जाळं, पायात काही नाही. तो तलावात मासे धरायचा, पण त्याची खरी ओळख होती ढोलकी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची, तिथं दंडारीचा नाच व्हायचा, आणि त्या नाचाला ढोलकी याचीच. मी आदल्याच आठवड्यात ती ऐकली होती आणि तेव्हापासून माझी बोटं टेबलावर, मांडीवर, ताटावर, दिसेल तिथं वाजत होती. गाव त्याला भाऊ म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो.

“गुरुजी,” तो म्हणाला, “माही पोरगी बोलून नाई राह्यली.”

पोरगी दुसरीत होती. “मुळातच मुकी आहे ना?” मी म्हटलं, कारण वर्गात तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. भाऊ म्हणाला, “मुकी? अजी, तोंड म्हंजे गिरणी होती! निजेतही बोले. शाळेत आली अन् गप झाली. आता घरीही बोलत नाई. मायनं काई विचारलं का नुसती मान हालवते.”

मी त्याला शुद्ध भाषेवर एक भाषण दिलं. चांगलं लांबलचक. ते त्यानं शांतपणे ऐकलं, मग माझ्या टेबलावर वाजणाऱ्या बोटांकडे बघून विचारलं, “ढोलकी शिकता काय?”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी लगेच उठून उभा राहिलो आणि गुरुदक्षिणा काय ते विचारलं. “माही पोरगी बोलली पाह्यजे,” तो म्हणाला, “दुसरं काई नाई.” “बोलेल हो,” मी म्हटलं, “एकदा शुद्ध जमलं की पटापट बोलेल.” आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दर रविवारी दुपारी तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली आमची शाळा भरायची. बाजूला जाळी वाळत असायची, भाऊची बायको फाटलेलं जाळं सांधत बसायची, आणि तिच्याजवळ ती पोरगी, सुतळीचा गुंडा धरून, गप्प. मी पहिल्याच दिवशी ऐटीत मात्रा मोजायला लागलो. एक दोन तीन चार. भाऊ पोट धरून हसला. “पोती मोजून राह्यले काय गुरुजी? ढोलकीसंग बोला!”

त्याच्याकडे प्रत्येक ठेक्याचं एक वाक्य होतं. आधी तोंडानं म्हणायचं, मग तेच हातानं. पहिला ठेका होता, ‘मले दे, तुले दे, त्याले देऊ नको.’ मी म्हटलं आणि वाजवलं. दंडारीत नाचणारा एक पोरगा मुद्दाम पाय टाकायला उभा केला होता. तो अडखळून बसलाच.

“नाई जी,” भाऊ म्हणाला. “मले.”

सवयीनं मी ‘मला’ म्हणत होतो. त्यानं माझा डावा पंजा धरून दाखवलं. ‘ले’ म्हटलं की तळवा कातड्याला चिकटून राहतो, आवाज तिथंच दबतो. ‘ला’ म्हटलं की तोंडाबरोबर हातही उघडतो, आवाज घुमत राहतो, आणि पुढची थाप त्याच्यात बुडते. ऐकायला किती सोपं! पण मी ‘मले’ म्हणायला जायचो आणि बाहेर पडायचं ‘मला’. ती जीभ मीच तर घासली होती.

“नाई जी, मले.” पुन्हा. “नाई जी.” पुन्हा. एक रविवार, दोन रविवार, तीन. भाऊ एकदाही रागावला नाही, हसूनच सांगायचा. त्याची बायको मात्र पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसायची. चौथ्या रविवारी गंमतच झाली. मी हात उचलला आणि तो खाली येईचना. थाप मारण्याआधी मी भाऊच्या तोंडाकडे बघत होतो, आता हा ‘नाई जी’ म्हणतो की काय म्हणून. “राहू द्या,” मी म्हटलं, “नाही वाजवत मी.”

“काऊन? वाजवा न! मी काई मारतो काय?”

मी मान हलवली. नुसतीच मान. आणि समोर नजर गेली तर सुतळीचा गुंडा धरून ती पोरगी माझ्याकडे एकटक बघत होती. वर्गात मी काही विचारलं की तीही आधी माझ्या तोंडाकडेच बघायची. मला इतकी लाज वाटली की त्या तलावात उडी मारावी. पण पोहता येत नव्हतं.

भाऊची ढोलकी मागून घेऊन मी घरी आलो. रात्री झोप कसली येते! दुसऱ्या दिवशी ती शाळेत नेली आणि टेबलावर ठेवून पोरांना म्हटलं, “हे बघा, मला हे येत नाही. तुमच्यापैकी कुणी शिकवता का?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गुरुजींचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असणार. मी वाजवायला बसलो, आणि देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाही, पण तोंडातून ‘मला दे’ असंच निघालं. ठेका धाडकन पडला.

“अजी नाई! मले! मले म्हना न!”

मागच्या ओळीतून आवाज आला. ती उठून तरातरा पुढं आली आणि माझा पंजा कातड्यावर दाबून धरला. “असा चिकटवा. किती दिस झाले, माहा बाप सांगूसांगू थकला, तुमाले काऊन येत नाई? माह्या मायले येते, मले येते, आमच्या शेजारच्या बुढीलेही येते!” वर्ग खदखदून हसला. ती घाबरली नाही. मग शेजारच्या बुढीचं सुरू झालं, बुढीच्या बकरीचं, बकरीनं खाल्लेल्या जाळ्याचं. पाढे राहिले, कविता राहिली. मी एकही ‘मले’ सुधारला नाही. बकरीचं संपेतो मधली सुट्टी झाली.

शाळा सुटल्याबरोबर ढोलकी बगलेत मारून मी तलावावर धावलो. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होता. काठावरूनच ओरडलो, “भाऊ, बोलली!”

तो जागीच थांबला. “काय बोलली?”

मी सांगितलं. मला कशी झापली ते, पंजा कसा दाबला ते.

“अजून काय बोलली?”

बुढीचं सांगितलं. बकरीचं सांगितलं. त्याच्या हातातून जाळ्याची दोरी सुटली होती आणि मासे भराभर निघून चालले होते. पलीकडून त्याचा भाऊबंद शिव्या देत होता, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

“अजून? अजून काय बोलली, गुरुजी?”

माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं होतं.

“घरी चाला न, भाऊ,” मी म्हटलं. “तिलेच विचारा.”