सतराचा पाढा

माणसानं क्षमा करावी म्हणतात. करावी बापडी ज्यांना जमते त्यांनी. मी माझ्या गणिताच्या सरांना अजून केलेली नाही, आणि करणारही नाही.

अकरावीला परळीत त्यांच्या क्लासला जायचे. एकदा त्यांनी फळ्यावर ३१, ३३१, ३३३१ असं लिहिलं. म्हणाले, कितीही तीन लावा, शेवटी एक आला की संख्या मूळच, कशानंही भाग जायचा नाही. हा नियम म्हणे त्यांनी स्वतः शोधलेला. मी विचारलं, "कावून, सर?"

झालं! माझ्या गावठी 'का'ची नक्कल केली, सगळा वर्ग हसला. "गणितात कावून नसतं," म्हणाले. तेवढ्यानं पोट भरलं नाही. संध्याकाळी आमच्या बेल-नारळाच्या दुकानावर येऊन वडिलांना सांगितलं, पोरीला गणित झेपायचं नाही, आर्ट्सला टाका. वडिलांना सरांचा शब्द म्हणजे वैजनाथाचा कौल. पुढच्या महिन्यात माझं सायन्स बंद करायचं ठरलं.

रडले नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एकेक तीन वाढवायचा आणि लहान मूळ संख्यांनी भागून बघायचं, हाच धंदा लावला. मेल्या दाद देईनात. सर खरंच बरोबर निघाले तर, या विचारानं प्रत्येक भागाकार पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. मग आठ तिनांवर एक आला, ३३,३३,३३,३३१. सातानं नाही, अकरानं नाही, तेरानं नाही. सतरानं भागलं आणि बाकी शून्य! उत्तर १,९६,०७,८४३. उलटं गुणून बघितलं, बरोबर. बारकी लेकरं सतराचा पाढा घोकतात, आणि या शहाण्यानं तेवढंही करून बघितलं नव्हतं.

लगेच सांगितलं असतं तर त्यांनी वर्गातल्या वर्गात मिटवलं असतं. मी थांबले. सरांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स दरवर्षी विद्यार्थीच लावायचे. त्या वर्षी मजकूर मी लिहून दिला. गॉगलवाला फोटो, खाली 'सरांचा नियम', आणि त्याखाली 'मूळ संख्या' म्हणून माझी ३३,३३,३३,३३१. सर लई खूश झाले.

केक कापायला पालक जमले. वडील हार घेऊन आले. फ्लेक्सवर थर्मल वीजकेंद्राची राख बसलीच होती. मी पुढं होऊन आकड्याशेजारी बोटानं लिहिलं, ÷ १७.

"सर, एवढं करून दाखवा."

त्यांनी हसत मोबाईल काढला. मग हसू गेलं. पुन्हा आकडे दाबले.

"आसं कावून झालं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"गणितात कावून नसतं, सर."

वडिलांनी हार तसाच टेबलावर ठेवला आणि मला घेऊन घरी आले. आर्ट्सचं नाव पुन्हा काढलं नाही.

सरांनी फ्लेक्स उतरवलं नाही. उतरवलं असतं तर हार मानल्यासारखं झालं असतं. माझा कॉलेजचा रस्ता तिथूनच होता. येता-जाता ओढणीनं त्या आकड्यावरची राख पुसायचे. फोटोवरची राहू द्यायचे.