माझी बाटली आणि आत्याबाईंचा लुडो

"पाणी पिऊन कुठं दुखणं बरं होत असतंय व्हय?"

हे आत्याबाईंचं मत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मत कसलं, निकालच. एकदा दिला की अपील नाही. मूतखडा हा शहरातल्या डॉक्टरांनी काढलेला आजार, पूर्वी दगड शेतात असायचे, पोटात नव्हे. बिस्किट म्हणजे गोड भुसा. दवाखान्यात गेलेलं माणूस तिथल्या वासानंच अर्धं आजारी पडतं. ताक हे औषध, आणि चहा म्हणजे पाणीच की, वेगळं कावून प्यायचं? दिवसभर असं चालायचं. मीही काही मुक्या तोंडाची नाही. माझं डोकं लवकर तापतं, सासरी आल्यापासून तापतंय. आमच्या घरात दुसरं काही नसलं तरी आवाज भरपूर असायचा.

मूतखडा मला होता. बीडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ही मोठी बाटली दिवसातनं दोनदा संपवायची, नाहीतर पुन्हा कळ उठेल आणि मग ऑपरेशनच. ती कळ जिनं सोसलीय तिला जास्त सांगावं लागत नाही. मी गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. तेव्हापासून त्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून मी ती काखेत मारूनच फिरायचे. आत्याबाई बघायच्या आणि नाक मुरडायच्या.

आणि नेमकं त्याच वर्षी पावसानं डोळे वटारले. विहिरीत बादली सोडली की नुसता खडखडाट. कडबा संपला. तेव्हा आमच्या दूध सोसायटीनं मांजरसुंब्याच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या रानात, चारा छावणी उघडली. जनावरं तिथं न्यायची, चारापाणी सोसायटी बघणार, पण जनावरापाशी घरचं माणूस राहिलं पाहिजे. पोरांच्या शाळेसाठी आमचे हे गावात राहिले. मी, आत्याबाई, दोन गाई आणि एक कालवड असं आमचं बिऱ्हाड छावणीत आलं. हिरव्या जाळीखाली गाई, शेजारी ताडपत्रीचं पाल, पालापुढं तीन दगडांची चूल.

सोसायटीला लोक नावं ठेवतात. मीही ठेवते, तो माझा हक्क आहे, मी सभासद आहे. पण त्या उन्हाळ्यात तिनं आमची दावण रिकामी होऊ दिली नाही, हे मी कुणासमोरही सांगीन. शेजारी कितीतरी गावांत लोकांनी डोळ्यांत पाणी आणून जनावरं बाजारात नेली. आमच्या गाई उसाचं वाढं खात उभ्या होत्या आणि सांज-सकाळ दूध देत होत्या. थोडं का होईना, देत होत्या.

खाण्याचं म्हणाल तर भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. भाजी दिसली की बायका सण असल्यासारख्या गोळा व्हायच्या. आत्याबाई हुलग्याचं माडगं करायच्या. हुलग्याचं पीठ, लसूण, मीठ, वरून तिखटाची फोडणी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते घशाखाली जायचं नाही. छावणीत मी ताटली बोटानं पुसून खाल्ली. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता कसं? भूक लागली की जिभेचे नखरे पळत्यात." मी म्हटलं, "नखरे न्हाई, तुमी आज मीठ बरोबर घातलं." त्यावरून दुपारपर्यंत आमचं बोलणं बंद.

पाण्याचं मात्र मोजमाप होतं. जनावरांचा हौद वेगळा, टँकर आला की भरायचा. माणसांना दर पालाला दोन घागरी, त्यात स्वयंपाक, भांडी, पिणं, सगळं. सकाळी घागरी आल्या की आत्याबाई वाटण्या करायच्या. ही चुलीची, ही भांड्याची, हा माझा तांब्या, ही तुझी बाटली. उरलं तर बाटलीत दुसऱ्यांदा. मला रोज वाटायचं, आज काही दुसरी बाटली भरत नाही. पण दुपारी धारांची भांडी धुऊन आले की बाटली बऱ्यापैकी जड लागायची. मला माझंच कौतुक वाटायचं. शेजारच्या पालातल्या काकूंना मी ऐकवायचेसुद्धा, "नियोजन लागतं, काकू! घोट घोट प्यायचं. माझी बाटली बघा, संध्याकाळपर्यंत पुरते."

आत्याबाई मान हलवायच्या. "हां, लई हुशार हायस तू."

आता फोनचं सांगते. फोन माझा. दुधाची फॅट किती लागली, पैसे खात्यात आले का, याचा मेसेज येतो म्हणून घेतलेला. फोन कामापुरता, हे माझं मत आणि ते मी अजून बदललेलं नाही. त्यात कुणी बाई येऊन सांगते, सकाळी उठल्याबरोबर लिंबू-मध घालून कोमट पाणी प्या. अगं बये, ये की इथं छावणीत, कोमट सोड, नुसतं पाणी दे! असं मी फोनला मोठ्यानं बोलायचे. पण आत्याबाईंना त्यात लुडो सापडला. काकूंनीच दाखवला. आत्याबाई लहानपणापासून चिंचोक्यांवर सोंगट्या खेळलेल्या, त्यांना शिकवायचं काही नव्हतंच. चार बायका, एक फोन, दुपारची जाळीखालची सावली. फासा दाबायच्या आधी आत्याबाई मुठीत चिंचोके धरल्यासारखी मूठ हलवून फोनवर फुंकर मारायच्या. सहा पडला नाही की फोनला शिव्या. "ह्यो मेला तिचंच ऐकतोय! माझी फुंकर त्याला लागंना झालीय!"

मला राग यायचा. चार्जिंग करायला सोसायटीच्या ऑफिसात रांग लावायची मी, आणि फोन रिकामा करायच्या ह्या. "म्हातारपणी हे काय खूळ," मी म्हणायचे. त्या डोळे न उचलता म्हणायच्या, "तुज्या खड्याला औषध पाणी, माज्या डोक्याला औषध ह्ये." आणि खेळ कसा खेळायच्या! कुणाचं घर किती पावलांवर आहे हे त्यांना न बघता ठाऊक. कुणी एक घर जास्त चाललं की हात धरायच्या. स्वतःची सोंगटी मेली की अर्धा तास भांडायच्या, आणि ते भांडण तिकडं गाईंच्या दावणीपर्यंत ऐकू यायचं.

म्हणून त्या दिवशी मला कळलं.

डाव सांजेपर्यंत लांबला होता, धारा उरकून मी गाईंखालचं शेण भरत होते. जाळीखाली बायकांचा हशा उठला. आत्याबाईंनी आपली लाल सोंगटी सोडून काकूंची हिरवी चालवली होती. "आत्या, चोऱ्या करायल्या व्हय!" बायका हसत होत्या. पुढच्या डावात त्यांनी पुन्हा तेच केलं. आणि काकूंनी त्यांची सोंगटी मारली, अगदी घराच्या तोंडाशी मारली, तरी आत्याबाई काही बोलल्या नाहीत.

मी घमेलं तिथंच टाकलं. आत्याबाई भांडल्या नाहीत? जवळ गेले तर त्या फोनकडं बघत होत्या, पण फोन दिसत नसावा अशा. ओठ पांढरे, चिरलेले. "आत्याबाई," म्हटलं, "मी कोण?" त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आपल्या आईला हाक मारली.

वासराला हगवण लागली की आम्ही त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. लगेच बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर समजायचं, अंगातलं पाणी गेलं. मला दुसरं काही सुचलं नाही. आत्याबाईंच्या हाताची कातडी मी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. पण पाणी कसं जाईल? आम्ही दोघी तर एकाच घागरीतलं पीत होतो!

पाणी पाजायला गेले तर घोट बाहेर आला. अँब्युलन्सला फोन लावला. ती लांबच्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार म्हणाले, आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. लुडोनं खाल्लेली. मी तो फोन आपटायचाच बाकी ठेवला होता.

तेवढ्यात दुधाची गाडी आली. संध्याकाळच्या धारा झाल्या की ही गाडी छावणीतले कॅन घेऊन मांजरसुंब्याच्या थंड करायच्या केंद्रावर जाते. तिथं गाड्यांची रांग, मग फॅट, मग कॅन रिकामे, तास तर कुठंच गेला नाही. त्यानंतर बीड. ड्रायव्हर भला माणूस, पण तो बिचारा कॅनकडं बघत उभा राहिला. सगळ्या छावणीचं दूध होतं ते, आणि उन्हाळ्यात दूध कुणाची वाट बघत नाही.

काकू पुढं आल्या. मागं बाकीच्या बायका. "दूध आमचं हाय का तुजं?" काकू म्हणाल्या. "आमी सभासद हाओत. नासलं तर नासू दे. तू मांजरसुंब्यात थांबूच नको, नीट बीड गाठ." ज्यांचं घर त्या दुधावर चाललं होतं त्या बायका हे बोलत होत्या. कुणी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनीच आत्याबाईंना उचलून कॅनच्या मधे गोधडीवर झोपवलं. मला उपकार मानायला जमत नाही. त्या दिवशीही जमलं नाही. आज लिहिते आहे, म्हणून लिहून टाकते: त्या बायकांचे माझ्यावर जन्माचे उपकार आहेत.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात पाणीच राहिलं नाही, अजून उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. "आजी दिवसभरात पाणी पीत नव्हत्या का?" मी म्हटलं, "पीत होत्या की, तांबेच्या तांबे. माझ्या डोळ्यांदेखत तोंडाला लावायच्या." बाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

रात्र सलाईनच्या नळीकडं बघण्यात गेली. सकाळी आत्याबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ह्या दवाखान्याचा वास बघ कसा हाय." मी तोंड फिरवून रडले. सिस्टरनं पाण्याची भरलेली बाटली त्यांच्या उशाशी ठेवली. "आजी, ही सगळी तुम्हीच संपवायची. बघायला येते मी."

तेवढ्यात खालून निरोप आला, छावणीची गाडी आलीय. मी खाली गेले. ड्रायव्हरनं माझ्या हातात डबा दिला. दूध नासलंच होतं, केंद्रावरनं कॅन तसेच परत आले. बायकांनी ते सगळं मोठ्या पातेल्यात चढवून गूळ घातला, ते आटवलं आणि साऱ्या छावणीला वाटलं. डबा आमच्या वाटणीचा होता. "काकूंनी सांगितलंय, आत्याला म्हणावं, तुमचा डाव तसाच ठेवलाय," असं सांगून तो गेला. काल त्याच्याकडं गाडीत चार्जिंगला दिलेला फोनही त्यानं परत आणला होता, तो आणि डबा घेऊन वर आले.

वॉर्डच्या दारातच थबकले.

आत्याबाई कॉटवर बसल्या होत्या. त्यांनी सिस्टरच्या बाटलीतला एक घोट घेतला. इकडं तिकडं पाहिलं. मग कॉटखालच्या माझ्या पिशवीतनं फडकं गुंडाळलेली माझी बाटली काढली, मांडीत धरली, आणि सिस्टरच्या बाटलीतलं पाणी हिच्यात ओतायला लागल्या. हाताला सलाईनची सुई, तरी एक थेंब सांडला नाही. हात सरावलेला होता. झाकण लावलं, फडकं सारखं केलं, बाटली पिशवीत जागच्या जागी ठेवली.

मग माझ्या ध्यानात आलं. दुपारी जड लागणारी बाटली. माझं नियोजन. "लई हुशार हायस तू." आणि तो तोंडाला लावलेला तांब्या, जो रिकामा होता.

मी डबा आपटलाच खाली. "कावून? कावून केलंत असं? मेला असतात तुमी!" सगळा वॉर्ड उठून बसला. मला कुणाची पर्वा नव्हती. "पाण्यानं दुखणं बरं होत न्हाई म्हणत होता ना जन्मभर?"

आत्याबाईंनी चोरी पकडलेल्या पोरासारखं आधी खाली पाहिलं. पण त्या कसल्या ऐकून घेतात. "वरडू नको. तू भिताडावर डोकं आपटत होतीस तवा मी दारात उभी होते. तुला वाटलं म्हातारी झोपलीय. मला न्हाई बघवलं." मग म्हणाल्या, "आन् तू पडलीस तर धारा कोण काढील, मी?" हे शेवटचं वाक्य त्यांनी घाईघाईनं जोडलं.

मी कॉटवर बसले, पिशवीतली बाटली काढली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. विनवणी झाली, दरडावून झालं, सिस्टरला बोलावीन म्हणाले. ढिम्म. शेवटी मी फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातानं लुडो उघडला. "लाल तुमची. पण आजपासून नियम हाय. फासा टाकायच्या आधी एक घोट. घोट न्हाई तर फासा न्हाई."

त्यांनी बाटलीकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं. डोळ्यांत ती जुनी चमक आली. "आन् तुला?"

"मला बी तोच नियम."

त्या एक घोट प्यायल्या. मूठ हलवली, फोनवर फुंकर मारली. सहा पडला. "बघितलंस!" म्हणून ओरडल्या. मग बाटली माझ्यापुढं धरली. "घे. आता तुजी पाळी."

मी ते पाणी प्यायले. सबंध उन्हाळा मी तेच पाणी पीत आले होते.