द्वारकाबाईंच्या जागेवर सुपारी

होळकरांची पलटण मोडली, संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, आणि इंदूरच्या छावणीतल्या सुभेदार दौलतरावांकडे राहिलं काय, तर पेन्शन आणि मिशी. पन्नाशीतली मिशी, पण काळी कुळकुळीत. दर रविवारी सुभेदार आरशासमोर हनुवटी वर करून बसत आणि द्वारकाबाई वाटीत कलप कालवून, श्वास रोखून, ती रंगवून देत. ओठाला जरा लागलं की साहेब गरजत. पलटण गेल्यावर गरजायला दुसरं होतं तरी कोण?

द्वारकाबाईंना त्रेचाळिसावं लागलेलं. दोन्ही कानशिलं पांढरी झाली होती. डोक्याला खोबरेल, कपाळाला कुंकू, एवढाच त्यांचा शृंगार. पांढऱ्या केसांचं त्यांना काही वाटतही नव्हतं, पण महूला पुतणीचा, कमलचा, साखरपुडा झाला आणि तिथं घोटाळा झाला. मुलाकडचे एक ठेकेदार, भला माणूस, लगबगीनं पुढे आले, द्वारकाबाईंना वाकून नमस्कार केला आणि दौलतरावांना म्हणाले, "सूबेदार साहब, माताजी को अंदर बिठाइए, लू लग जाएगी."

आता यात नवऱ्यानं काय करावं? दौलतराव पोट धरधरून हसले. वर छावणीत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "अरे भिया, आमच्या बायकोला लोक आमची आई समजतात!" घरी येईल त्यालाही तेच, आणि द्वारकाबाई पडद्याआड चहा गाळत हे ऐकायच्या. चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा चहात साखर घातली नाही.

कमल म्हणजे धाकटी जाऊ लीला हिची मुलगी. बाप लवकर गेला, म्हणून शाळेसाठी इंदूरला काकूकडेच वाढली. तिची वेणी घातली, तिचा गोवर काढला, ते द्वारकाबाईंनी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. कन्यादान काका-काकूंनी करायचं ठरलेलं, आणि त्या पाटावर बसायला द्वारकाबाई वर्षभर आसुसलेल्या. पण त्याच मांडवात, त्याच लोकांसमोर, पुन्हा नवऱ्याची आई म्हणून बसायचं?

लग्नाआधीच्या रविवारी मिशी झाली, वाटीत थोडा कलप उरला. द्वारकाबाईंनी कडी लावली आणि कानशिलांना लावून टाकला. हात सराईत, रंग सुरेख बसला. कपाळाच्या कडेला फक्त बोटभर डाग राहिला.

दौलतराव बघतच राहिले.

"हे काय केलंस?"

"तुम्ही करता तेच."

"माझी गोष्ट निराळी. बाई माणसानं, या वयात! धू आधी."

"धुऊन जातो का तो? तुमचा कधी गेलाय?"

रिठे झाले, लिंबू झालं, राख झाली. कपाळ सोलवटलं, पण केस काळेच. मग त्या म्हणाल्या, "पदर पुढे ओढून बसते. कुणाला दिसणार नाही."

"अगं, शेजारी मी बसणार ना!" सुभेदारांच्या तोंडून खरं ते निसटलं. "एकाच वाटीतला रंग. तुझे केस बघतील आणि माझ्या मिशीकडे बघतील. ती आजवर अस्सल काळी वाटते लोकांना."

द्वारकाबाईंनी पिशवीत त्यांचं एकट्याचं सोवळं भरलं. महूच्या गाडीला दौलतराव एकटेच गेले. मांडवात सांगितलं, हिला ताप आहे. भटजींनी बायको हजर नाही म्हणून रीतीप्रमाणे कमरेला सुपारी खोचायला दिली. द्वारकाबाईंच्या जागी ती सुपारी बसली आणि कमलचं कन्यादान झालं. ठेकेदारांनी म्हणे माताजींची चौकशीही केली.

परत आल्यावर सुभेदार खुशीत होते. लाडू कसे, बँड कसा, कमल कशी रडली, सगळं सांगितलं. द्वारकाबाई त्यांच्या सोवळ्याची घडी करत ऐकत होत्या. निऱ्यांतून सुपारी घरंगळली. त्यांनी ती उचलून पदराला बांधली.

रविवार आला. दौलतराव आरशासमोर बसले, हनुवटी वर केली, डोळे मिटले. वाटी पुढ्यात आली, ब्रश आला. बराच वेळ ओठावर काही टेकेना, म्हणून त्यांनी डोळे उघडले. वाटीशेजारी सुपारी ठेवलेली.

"ही कशाला?"

"शेजारी बसायला चालली ना," द्वारकाबाई म्हणाल्या, "तिच्याकडूनच रंगवून घ्या." आणि चुलीकडे वळल्या.

त्या दिवशी सुभेदारांनी स्वतःच हात चालवला. वरचा ओठ नाकापर्यंत काळा झाला, आणि तीन दिवस ते छावणीत फिरकले नाहीत. पुढे मिशी आणि कानशिलं, दोन्ही एकदमच पांढरी होत गेली. कमल माहेरपणाला आली, काकूच्या गळ्यात पडली, म्हणाली, "काकू, ताप बरा झाला ना?"

"झाला गं," म्हणाल्या, आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.