मोकळ्या सोडलेल्या ओळी

शेवटच्या गाण्यात ते म्हातारे आयरिश गायक मध्येच थांबले. गिटारही थांबली. मी मनात एक, दोन, तीन मोजलं आणि फिलरचं बटण दाबलं.

फिलर म्हणजे काय ते आधी सांगतो. मी साउंड ऑपरेटर आहे. सभा, ऑर्केस्ट्रा, रिसेप्शन, गॅदरिंग, सगळीकडे मिक्सरवर मी असतो. मिक्सर म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज कमी-जास्त करायचं यंत्र. आमच्या धंद्यात स्टेजवर शांतता म्हणजे गुन्हा. पाहुण्यांना उशीर झाला, निवेदक अडखळला, की पब्लिक शिट्ट्या मारतं आणि शिव्या साउंडवाल्याला बसतात. म्हणून लॅपटॉपवर एखादी धून तयार ठेवायची आणि तीन मोजून सोडून द्यायची. तेच फिलर. या चपळाईचा मला फार गर्व होता.

कार्यक्रम एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता. इंग्रजीच्या रिटायर्ड प्राध्यापिका देशपांडे मॅडम यांनी तो ठरवला होता. गायक पंचाहत्तरीचे असतील. स्वतः गाणी लिहायची आणि स्वतःच गायची, असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. एक गिटार, दोन माइक, बस्स. बारा-बारा वाद्यांचा ऑर्केस्ट्रा सांभाळणाऱ्या मला हे काम म्हणजे पोरखेळ वाटला.

दुपारी साउंडचेक झाला, म्हणजे कार्यक्रमाआधी माइक-स्पीकर तपासून घेतले. तो संपल्यावर गायक खाली उतरून माझ्याजवळ आले आणि पाच मिनिटं काहीतरी सांगत राहिले. त्यांचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात, भरभर. मॅडमनासुद्धा कान देऊन ऐकावं लागत होतं. शेवटी त्यांनी मिक्सरवरचा माझा हात उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि हसले. मीही हसलो.

"समजलं ना देविदास? नाहीतर मी मराठीत सांगते," मॅडम म्हणाल्या.

शेजारी आमचे मालक सलीमभाई उभे होते. विदेशी कार्यक्रमाला माझाच सबसे होशियार आदमी देतो, असं त्यांनी मॅडमना सांगून ठेवलेलं. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार?

"व्हय मॅडम, समजलं सगळं. यस सर, नो प्रॉब्लेम."

मला एक अक्षर समजलं नव्हतं. आवाज लई वाढवू नको म्हणत असतील, असा मी अंदाज बांधला आणि चहा प्यायला गेलो.

कार्यक्रम छान चालला होता. शेवटच्या गाण्याआधी ते बराच वेळ बोलले. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मी पाहिलं, पण तेव्हा मी एका माइकची खरखर शोधण्यात गुंतलो होतो. मग गाणं सुरू झालं, दोन कडवी झाली आणि ते थांबले. डोळे मिटून, गिटारच्या तारांवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, वय झालंय, शब्द विसरले बिचारे. सावरून घ्यावं.

बासरी वाजली. तिच्यामागून भारदस्त आवाज आला, "शेतकरी राजाची पहिली पसंती, बोअरवेलसाठी दणकट पाइप!"

आदल्या दिवशी फुलंब्रीच्या कृषी प्रदर्शनात लावलेलं फिलर मी बदललंच नव्हतं. आवाज बंद करेपर्यंत पाइपच्या तीन साइझ सांगून झाल्या होत्या. मागं कोणीतरी फिसकन हसलं. गायकांनी डोळे उघडले, थेट माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना हात जोडले आणि आत निघून गेले. गाणं अर्धंच राहिलं.

मॅडम मिक्सरपाशी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"देविदास, हे गाणं ते आणि त्यांची बायको मिळून गायचे. तिला अजिंठा बघायचा होता. गेल्या वर्षी ती वारली. काल ते एकटेच बघून आले आणि आज तिच्या ओळी मोकळ्या सोडून गाणार होते. फक्त याच गावात, एकदाच. तिथं शांतता असेल, कशाला हात लावू नकोस, एवढंच ते दुपारी तुला सांगत होते."

सलीमभाई मला वाचवायला मध्ये पडले. "मॅडम, लॅपटॉप हँग हो गया था. मशीन है, क्या करें."

नाही मॅडम, बटण मी दाबलं, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी मान खाली घालून वायर गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात गायक स्वतः बाहेर आले. मॅडम पुढं होऊन त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लॅपटॉपकडे बोट केलं आणि एकच शब्द विचारला, "मशीन?"

"यस सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, माझा खांदा थोपटला आणि गाडीकडे गेले.

सामान टेम्पोत चढवताना सलीमभाई एवढंच बोलले, "समझा नहीं था तो पूछ लेता मियाँ. कौनसी इज्जत जानी थी?"

आता साउंडचेकला मला समजलं नाही तर मी चारचौघांत सांगतो, समजलं नाय, परत सांगा. लोक न कंटाळता परत सांगतात. त्या दिवशीही सांगितलं असतं. त्या गायकांचा मला कळलेला शब्द एकच होता, आणि त्यालाही मी खोटं उत्तर दिलं.