दिनूचा कॅमेरा कोणी निवडला

दिनू गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, मुग्धानं फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती. मी कौन्सिलचा कचऱ्याचा हिरवा बिन फुटपाथकडे ओढत होतो आणि खिशात फोन वाजत होता. "काका, बाबा गेला," ती म्हणाली. मुग्धा इथेच, बर्मिंगहॅममध्ये जन्मली आणि वाढली. वडिलांबद्दल ती नेहमी एकेरीतच बोलायची आणि दिनूला ते आवडायचं. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला, बिन त्याच्या जागेवर नेऊन उभा केला, झाकण नीट बसलंय ना ते पाहिलं. मग घरात येऊन बसलो. कोट अंगात तसाच राहिला होता, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

डॉक्टर दिनकर साठ्ये इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता आणि मी मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तरुणपणी दोघंही नोकरीसाठी इथे आलो आणि इथलेच झालो. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, त्याची शांत बोलण्याची ढब, त्याची वाळवणं घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत घालण्याची हौस, ऑपरेशनला घाबरलेल्या म्हाताऱ्यांना तो विचारायचा ते "आज काय स्वप्न बघायचंय?" पण ते इतरांनी लिहिलं आहे, चांगलं लिहिलं आहे. मला एकच गोष्ट लिहायची आहे, कारण ती दुसरं कोणी लिहू शकणार नाही.

शोकसभा इथल्या मराठी मंडळानं कम्युनिटी हॉलमध्ये ठेवली होती. आमचा सेक्रेटरी नितीन बोलायला उभा राहिला. "डॉक्टर गोड माणूस, पण हट्टी," तो म्हणाला. "भाऊंनी, आपल्या कॅमेऱ्यातल्या एक्स्पर्टनी, शंभरदा सांगितलं, डॉक्टर, हलका कॅमेरा घ्या. ऐकतील तर शपथ! घेतला तो धोंडा, आणि नातवाच्या बोरनहाणाच्या फोटोंचा करून ठेवला हलवा." लोक डोळे पुसत हसले. भाऊ म्हणजे मी, काहींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

ही गोष्ट खोटी आहे. ती पहिल्यांदा मी सांगितली.

खरं असं झालं. दिनू रिटायर झाला, मुग्धाला मुलगा झाला, आणि आजोबांनी चांगला डिजिटल कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं. कंपन्यांची नावं मी देत नाही. आमच्या मंडळात एके काळी त्यावरून स्मार्त-भागवत एकादशीसारखे दोन तट होते, ते आता विझलेत, तसेच राहू देत. एक कंपनी माझी होती. म्हणजे तिचा कॅमेरा मी वापरायचो, तिच्या लेन्सेसनी माझं अर्धं कपाट भरलं होतं, आणि मंडळात जो कोणी कॅमेरा घेई तो मला विचारून, अर्थात माझ्याच कंपनीचा घेई. दिनूनं मात्र कोणाला न विचारता अभ्यास केला. रिव्ह्यू वाचले, मासिकांतली पानं कापून ठेवली, पेशंटला टेबलावर घेण्याआधी करावी तशी दोन्ही कंपन्यांची तपासणी केली. मग एका दुपारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, मी ठरवलंय. हा दुसऱ्या कंपनीचा, छोटा. हातात बरा वाटतो."

"हातात बरा वाटतो? अरे, बॅट घेतोयस का?"

"याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे. कुठलीही लेन्स लावा, फोटो हलत नाही."

"आमच्याकडे ते लेन्समध्ये असतं. तीच पद्धत चांगली."

"पण तुझ्या सगळ्या लेन्समध्ये नाहीये ना?"

"तुला कशाला हवंय ते? आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधल्यास. तुझ्यासारखा हात माझा असता तर मी ट्रायपॉड विकला असता!"

तो हसला. मग म्हणाला, "तरी पण, मला हा बरा वाटतो."

त्याला पुढे बोलता आलं असतं, तो बोलला नाही, आणि मी थांबलो नाही. कॅमेऱ्यांचं असं आहे की एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. दिनूनं माझ्या कंपनीचा घेतला असता तर आम्हाला लेन्सेसची देवाणघेवाण करता आली असती. हे कारण मी त्याला दिलं आणि ते खरंही होतं. पण त्याच्या मागे दुसरं होतं. सगळ्यांनी माझं ऐकलं होतं आणि माझ्या सर्वांत जवळच्या मित्रानं ऐकलं नसतं, तर ते मला चारचौघांत सांगता आलं नसतं. दुकानात सेल्समननं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. दिनूनं छोटा उचलला, कोपरं काउंटरवर टेकवली आणि डोळ्याला लावला. मग माझ्या कंपनीचा उचलला. तो अर्थातच जड होता. पुन्हा कोपरं टेकवली. मला वाटलं, ऐट करतोय. मी सेल्समनसमोरच म्हणालो, "दिन्या, खेळणं घ्यायला आलोय का आपण?" त्यानं मोठा कॅमेरा खाली ठेवला, कार्ड काढलं आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर हाच."

नातवाचं, नीलचं बोरनहाण जानेवारीत मुग्धाच्या घरी झालं. चार वाजताच फ्रंट रूममधले दिवे लावावे लागले होते. पाटावर काळं झबलं घातलेला नील, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. बोरं इथे कुठून मिळणार, त्याच्या डोक्यावरून ब्लूबेरी आणि मार्शमेलो ओतले, पोरं तुटून पडली. मुग्धानं आधीच बजावलं होतं, "फोन्स अवे, प्लीज! आज सगळी फोटो आजोबा काढणार." दिनूला त्या दिवसासाठी मी माझी जुनी लाडकी लेन्स दिली होती. चेहऱ्यांसाठी तिच्यासारखी दुसरी नव्हती. तिच्यात स्टॅबिलायझेशन नव्हतं.

चहाच्या वेळी फोटो टीव्हीवर लावले. एकूण एक हललेले होते. नीलच्या जागी एक काळा डाग आणि हलव्याच्या जागी पांढऱ्या रेघा. कोणीतरी काही बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी मीच बोलतो. मी म्हणालो, "हलव्याचे दागिने म्हटल्यावर फोटो हलणारच की! हलवा, डॉक्टर, हलवा!" हशा झाला. दिनू सगळ्यांत मोठ्यानं हसला. मुग्धा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "ओके, पण हे परत नाही ना होणार… त्याची फर्स्ट संक्रांत." दिनूनं ते ऐकलं. तो टीव्हीजवळ जाऊन केबल काढत राहिला, ती निघायला बराच वेळ लागला.

त्या दिवसापासून तो मंडळात डॉक्टर हलवा झाला. लहान मुलांना वाटायचं, काका तिळगूळ वाटतात म्हणून हे नाव. दिनूनं मला लेन्स परत केली, पुसून, दोन्ही टोपणं लावून. त्यानंतर त्याला फोटो काढताना मी पाहिलं नाही.

पुढे पार्किन्सन्स झाल्याचं सर्वांना कळलं. हाताचं कापणं आता लपत नव्हतं. हलवा हे नाव मी सोडून दिलं, इतरांनीही हळूहळू सोडलं. पण मग दिवाळीच्या एका लंचला कोणीतरी सहज म्हणालं, अशा हातांत एवढा जड कॅमेरा कशाला घेतला डॉक्टरांनी? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कॅमेऱ्याचं म्हणजे भाऊ. आणि मी म्हणालो, "मी तर हलका घे म्हणत होतो." वाक्य तोंडातून किती सहज गेलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. दिनू समोरच बसला होता, मांडीवर प्लेट घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडात चमचा फिरवत राहिलो. तो म्हणाला, "हो ना. भाऊनं सांगितलं होतं. मीच हट्टी."

म्हणून नितीनचा दोष नाही. त्यानं ही गोष्ट खुद्द दिनूच्या तोंडून ऐकलेली होती.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी दिनूच्या घरी गेलो. शैलावहिनी, त्याची बायको, किचनमध्ये होत्या. मी बसता बसताच म्हणालो, "वहिनी, तो कॅमेरा मी घ्यायला लावला होता."

"माहितीय, भाऊ. दुकानातून आले तसं त्यांनी सांगितलं मला."

"हात तेव्हापासूनच…?"

"त्याच्याही आधीपासून. तेव्हा घरात मला एकटीलाच माहीत होतं. मुग्धालाही नव्हतं."

"मग दुकानात मला 'नाही' का म्हणाला नाही?"

"'नाही' म्हटलं असतं तर 'का' तेही सांगावं लागलं असतं." त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. आवाजात राग नव्हता. "मीही म्हटलं त्यांना, भाऊंना सांगा ना, इतक्या वर्षांचे मित्र तुम्ही. तर म्हणाले, भाऊला सांगितलं की मंडळाला सांगितलं."

 

"आणि ते हलव्याचं," त्या म्हणाल्या, "त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. तेवढे दिवस लोक त्यांच्या फोटोंना हसले, हाताकडे कोणी बघितलं नाही. ते म्हणायचे, बरं पडलं. फक्त मुग्धासमोर नको होतं व्हायला, एवढंच म्हणायचे." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नितीनला सांगणार आहात?"

"नितीनला, मुग्धाला. लिहीनही म्हणतो."

"लिहा. नाहीतरी सगळ्यांना सांगायची सवय आहेच तुम्हाला, हेही सांगा." आणि त्या चक्क हसल्या.

मग त्यांनी चहा केला. त्या घरात कप कधी काठोकाठ भरत नाहीत. चहा अर्धाच. गेली कित्येक वर्षं मी दर वेळी म्हणत आलो, "वहिनी, दूध संपलं का?" आणि त्या निमूटपणे पुन्हा ओतत. दिनूच्या हातात भरलेला कप राहत नसे, आणि त्याचा एकट्याचा अर्धा दिसू नये म्हणून त्या घरात पाहुण्यांचेही कप अर्धे झाले होते, हे मला त्या दिवशी टेबलाशी बसल्यावर कळलं. त्यांनी आधी स्वतःचा कप भरला, अर्धा. मग माझा, अर्ध्यावर थांबल्या, किटली खाली ठेवली आणि सवयीनं माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "पुरे."