मामांच्या घराण्यात काईच न्हाई

परभणी जिल्ह्यात नवरा-नवरी एकमेकांना पसंत नसले तरी लग्न होऊ शकतं, पण वालूरच्या आमच्या मामांनी मान हलवली नाही तर होत नाही. सोयरीक जुळवणं हा काही त्यांचा धंदा नव्हे. धंदा शेतीचा, आणि तो मामी बघतात. मामा लोकांची घराणी बघतात. कुणाच्या आजोबांना दमा होता, कुणाची चुलत आत्या झोपेत चालायची, कुणाच्यात चाळिशीच्या आत टक्कल पडतं, सगळं तोंडपाठ. सोनपेठच्या बाजारात भेंडी निवडता निवडता भाजीवाल्याला विचारतील, "तुमच्यात साखर आईकडून आली का बापाकडून?" पेडगावच्या एका चांगल्या नोकरीवाल्या पोराला त्यांनी बैठकीतूनच परत पाठवलं, कारण पोराचे काका बोलताना अडखळले. "पोरगं आज चांगलं दिसायलंय, पर रगतात काय हाय ते काकाच्या तोंडून कळलं," मामा म्हणाले. काकांच्या तोंडात पोहे होते, हे सांगायची सोय नव्हती. मामांपुढे कुणाचंच काही चालत नाही.

अशा माणसाला लघवीचा त्रास सुरू झाला, तर त्यानं काय करावं? मामा "उन्हाळी लागली" म्हणत भर थंडीत धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले. ते संपलं की मामींच्या मिरच्यांना शिव्या. शेवटी मी आणि मामींनी धरून मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि तोही हाडांपर्यंत गेलेला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "काका, घरात आधी कुणाला कॅन्सर?" आणि साऱ्या जिल्ह्याची आजारपणं तोंडपाठ असलेला हा माणूस छातीठोकपणे म्हणाला, "आमच्या घराण्यात काईच न्हाई."

मी शेजारीच बसले होते. माझी आई म्हणजे यांची सख्खी पाठची बहीण. मी बारावीत असताना ती स्तनाच्या कॅन्सरनं गेली. मी म्हटलं, "मामा, आणि आई?" त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सुमी तुमच्या घरची. पोरगी दिली की तिचं घराणं बदलतंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव बदललं, गाव बदललं, म्हणून रक्तही बदललं?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जनुकं आईकडून येतात तशी बापाकडून येतात, मुलाला जातात तशी मुलीलाही जातात. तोच एक बिघाड बाईमध्ये स्तनाचा कॅन्सर घडवू शकतो आणि पुरुषात प्रोस्टेटचा. रक्त तपासून तो सापडला तर मामांना वेगळ्या गोळ्या देता येतील, आणि पोराबाळांनाही वेळेत सावध करता येईल. एवढं ऐकून मामा म्हणाले, "कन्यादान करताव तवा समदंच देताव आमी. मागं काय ठिवताव?" मला खरं कारण ठाऊक होतं. त्यांच्या नातीची सोयरीक जमत आली होती, आणि रक्तात कॅन्सर असलेलं घराणं मामांच्याच नियमात नापास होत होतं. त्या नियमापायी जिवाची औषधंही सोडायला निघाले होते.

वर डॉक्टरीणबाई चुकून बोलून गेल्या की सगळं काही जन्मानंच येत नाही. जनुक तेच राहतं, पण वय, बिडी, वजन अशा गोष्टींनी काही जनुकं चालू होऊ शकतात, काही बंद पडू शकतात. झालं. मामांना आयतंच मिळालं. "मंजे घराण्याचा दोष न्हाई. हिच्या हातचं तेलकट खाऊन चालू झालं हे." त्यांनी मामींकडं बोट दाखवलं. हातात औषध असतं तर तेही मी त्यांना दिलं नसतं.

मामींनी मामांच्या बंडीच्या खिशात हात घातला, बिड्यांचं बंडल काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सुमीताई गेल्या तवा माहेरची शेवटची साडी कुणी नेली होती ओ? बंद दुकान उघडाय लावून हिरवी साडी घेतली, रस्ताभर रडत आलाव. ते काय परक्या बाईसाठी?"

मामांनी ते बंडल टेबलाच्या पार टोकाला सरकवलं. मग खाली मान घालून म्हणाले, "लिहा, डॉक्टरीणबाई. बहीण हाय मला. पाठची. छातीच्या कॅन्सरनं गेली. आन् आमची आई पोटात गाठ होऊन गेली, ते बी लिहा." म्हणजे यांना सगळं माहीत होतं! आजीचंसुद्धा! डॉक्टरीणबाईंनी वंशावळीच्या कागदावर मामांचा चौकोन काढला, त्याच्या शेजारी आईचा गोल, आणि दोन्ही एका रेघेनं जोडले. मामांनी त्या गोलावर बोट ठेवलं, ते बाई पुढचं विचारेपर्यंत उचललं नाही.

तपासणीत तो बिघाड निघाला. नव्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, बिड्या सुटल्या आहेत, निदान मामींसमोर तरी. नातीच्या सासरकडच्यांना मामांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचार करायला वेळ मागितला, तर मामा भडकले. "रगतावरून माणूस पारखायलेत, काय लोक हायेत!" असं ते आता गावभर सांगत फिरतात, आणि त्यांना ते शोभतं की नाही, हे विचारायची कुणाची छाती नाही.

मीही रक्त दिलंय. रिपोर्ट यायचा आहे. मामांचा रोज फोन येतो, आणि मी रोज ठरवते की आज यांना चांगलं सुनवायचं. काल म्हणाले, "आलं का गं माय?" मी म्हटलं, "नाही अजून." मामा म्हणाले, "सुमीचं समदं आलंय तुझ्यात. नाक आलंय, चालणं आलंय, राग तर लयच आलाय. तेवढं एक आलं नसलं म्हंजे झालं."