अकरा अंशांतली सभा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मंदाकिनीबाईंचं बोलणं कोणी मनावर घेत नसे. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई. जिन्यात भेटल्या तरी वाढत्या तापमानावर तास घ्यायच्या आणि आम्ही ‘हो हो’ करत सटकायचो.

पण त्यांची काळजी खरी होती. त्यांचे यजमान मधुकाका चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. घर गच्चीखालचं, खोली पश्चिमेची. गेल्या मेमध्ये काका उकाड्यानं दोनदा बेशुद्ध पडले. खिडकीबाहेरच्या तीन पर्जन्यवृक्षांची सावली होती म्हणून निभावलं. नेमकी तीच झाडं काढून आमच्या सचिवाला, आनंदला, पार्किंग करायचं होतं. पालिकेची परवानगी त्यानं मिळवलीच होती, सभेचा ठराव तेवढा बाकी होता.

आनंद सभा मेमध्ये घेणार होता. बाईंनीच हट्टानं ती जानेवारीत घ्यायला लावली. मेमध्ये निम्मी सोसायटी कोकणात असते, आणि मूठभर लोकांनी झाडांचा निकाल लावू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हा हट्ट महागात पडला.

सभेच्या दिवशी सकाळी पारा अकरावर उतरला. उभ्या जन्मात इथे एवढी थंडी पाहिली नव्हती. माणसं शाली, माकडटोप्या घालून गच्चीवर उन्हाला बसली.

“बाई, कुठेय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग? पाठवा की जरा इकडे,” आनंद म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

बाई उभ्या राहिल्या. “उत्तर ध्रुवाकडचा भाग झपाट्यानं तापतोय. त्यामुळे तिथल्या थंडीला अडवून धरणारा उंचावरचा वाऱ्यांचा पट्टा सैल पडतो आणि थंडी खाली घसरते, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. एका गार आठवड्यावरून उन्हाळा सौम्य होईल असं समजू नका.”

“म्हणजे आपल्याकडची ही थंडी त्यामुळेच आली?” आनंदनं विचारलं.

“ते अजून सिद्ध झालेलं नाही.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. ‘हो, त्यामुळेच’ असं ठोकून द्यायचं होतं, कोण तपासणार होतं? पण खात्री नसलेलं त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही, ते इथे कुठून सांगणार. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. माझाही झाला. माझी गाडी दोन वर्षं रस्त्यावर उभी होती, एवढ्यासाठी. मला त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी झाडं पडली. थंडी अजून होतीच. वॉचमन दगडूनं त्यांच्याच वाळक्या फांद्या गोळा करून शेकोटी केली आणि आम्ही भोवती जमलो. दूध घेऊन परतणाऱ्या बाईंना तो म्हणाला, “बाई, या ना, शेका जरा.”

वाटलं, आता फाडफाड बोलतील. पण बाई आल्या, पिशवी खाली ठेवून त्यांनी हात पुढे केले.

“मेमध्ये ह्यांना कुठे ठेवू, तेवढं सांगा रे कोणीतरी,” त्या म्हणाल्या.

मी खाली बघून हात शेकत राहिलो.